साथीच्या काळांतील प्राथमिक शिक्षक आणि त्याचें समाधान

प्रत्येक उद्योगाचा मोबदला दोन नाण्यांत मिळत असतो. एक नाणें हातांत घेऊन मोजतां येतें. दुसरें मोजतां येत नाहीं, परंतु त्याच्यावांचून माणसाचें मन त्या उद्योगांत रमत नाहीं. सुताराला आपण घडविलेली खुर्ची दिसते, शेतकऱ्याला आपलें शेत डोलतांना दिसतें, वैद्याला उठून बसलेला रोगी दिसतो. प्राथमिक शिक्षकाला जें दिसतें तें याहून बारीक असतें. काल ज्या मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद कळत नव्हता, त्याच मुलानें आज फळ्यावरचा शब्द अडखळत कां होईना, पण आपला आपण वाचला, हें त्याला दिसतें. शब्द लागतांच त्या मुलाच्या डोळ्यांत जी चमक येते, ती पाहण्यासाठीं गुरुजी आणि बाई तीस तीस वर्षें एकाच इयत्तेचे धडे पुन्हां पुन्हां शिकवितात व त्यांना कंटाळा येत नाहीं.

इ. स. २०२० ते २०२२ या काळांत जगभर पसरलेल्या कोविडच्या साथीनें शिक्षकाचें हें दुसरें नाणेंच चलनांतून काढून घेतलें. त्या काळांत शिक्षकाचें समाधान कशानें गेलें, कोठें व कशानें तें टिकलें, आणि त्यावरून समाजानें काय ध्यानांत ठेवावें, हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या सुखदुःखाचा नाहीं. असमाधानी मनानें हिशेबाची वही लिहितां येते; लहान मुलाला वाचावयास शिकवितां येत नाहीं. म्हणून ज्या ज्या घरांत शाळेला जाणारें मूल आहे, त्या त्या घराचा हा प्रश्न आहे.

कामांतील समाधान ही वस्तु मनाची असली, तरी तिचा अभ्यास शास्त्रीय रीतीनें झालेला आहे. अमेरिकेंत रॉबर्ट हॉपॉक यांनीं १९३५ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यासाठीं त्यांनीं सुमारें ५०० शिक्षकांचीहि पाहणी केली होती. पुढें १९५९ सालीं फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं पिट्सबर्ग येथील सुमारें २०० अभियंत्यांना व हिशेबनिसांना दोन साधे प्रश्न विचारले: आपल्या कामाविषयीं विशेष बरें केव्हां वाटलें, आणि विशेष वाईट केव्हां वाटलें? उत्तरें पाहतां असें दिसून आलें कीं, वाईट वाटण्याचीं कारणें बहुधा पगार, वरिष्ठांची वागणूक, कचेरीचे नियम, कामाची जागा यांच्याशीं निगडित होतीं. बरें वाटण्याचीं कारणें निराळीं होतीं. हातून कांहीं साधलें, त्याची कोणीं दखल घेतली, एखादी जबाबदारी विश्वासानें सोंपविली गेली, अशा प्रसंगांचीं तीं होतीं. यावरून हर्झबर्ग यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, असंतोष दूर झाला म्हणजे समाधान आपोआप येतें असें नाहीं. घराचें छप्पर गळूं लागलें तर माणूस त्रासतो. परंतु छप्पर गळत नाहीं एवढ्याच कारणानें कोणी आनंदानें नाचूं लागत नाहीं. हा सिद्धान्त सर्वच पंडितांनीं मान्य केलेला नाहीं. तथापि शिक्षकाची स्थिति समजण्यास तो चांगला उपयोगी पडतो.

शिक्षकांपुरता विचार डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं ‘स्कूलटीचर’ या ग्रंथांत केला. शिक्षकाच्या मोबदल्यांत सर्वांत मोठा वांटा चित्तसुखाचा असतो, आणि तें सुख विद्यार्थ्यापर्यंत आपण पोंचलों या जाणिवेंतून येतें, असें त्यांनीं दाखविलें. या सुखाची एक अडचण आहे. पगार महिनाअखेर हातीं येतो; हें सुख मात्र मूल समोर असल्यावांचून मिळत नाहीं. तें साठवून ठेवतां येत नाहीं, व दुसऱ्याकडून मागवूनहि घेतां येत नाहीं.

आतां साथीकडे वळूं. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड ही जगव्यापी साथ असल्याचें जाहीर केलें. त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रांतील शाळा बंद होऊं लागल्या, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी लागू झाली. मोठ्या मुलांच्या शाळा पुढें मधून मधून उघडल्या. नववी ते बारावीच्या वर्गांना नोव्हेंबर २०२० मध्यें आणि पांचवी ते आठवीच्या वर्गांना जानेवारी २०२१ मध्यें अनेक ठिकाणीं परवानगी मिळाली. दुसरी लाट येतांच तेहि बंद झाले. ग्रामीण भागांतील पांचवीच्या पुढील वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां सुरू झाले. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांना १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, व मुंबई, पुणें यांसारख्या शहरांत त्यानंतरहि कांहीं दिवस थांबावें लागलें. जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां एकदां शाळा बंद झाल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हां उघडूं लागल्या.

या तारखांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. जून २०२० मध्यें ज्या मुलाचें नांव पहिलीच्या हजेरीपटावर चढलें, त्या मुलानें सरकारी नियमाप्रमाणें प्रथम वर्गांत पाऊल टाकलें तेव्हां तें दुसरींत होतें. त्याच्या पहिलीच्या बाईंनीं वर्षभर त्याचें नांव लिहिलें, त्याला वरच्या वर्गांत घातलें, आणि कित्येक ठिकाणीं त्याचा चेहरा नीट पाहिलाहि नव्हता.

शाळा बंद झाल्या तरी शिक्षण बंद पडूं नये म्हणून मोबाइलचा मार्ग निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाले, सकाळीं अभ्यास जाऊं लागला, संध्याकाळीं वहीच्या पानांचीं छायाचित्रें परत येऊं लागलीं. हायस्कुलांतील मुलांना या मार्गानें कांहीं तरी लाभ झाला. सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी असते. तें अक्षर शिकतें तें गुरुजींच्या ओठांकडे पाहून, पाटीवर फिरणाऱ्या बोटाकडे पाहून, आणि शेजारच्या मुलाशीं स्पर्धा करून. शिवाय मोबाइल एकच असे आणि तो बापाबरोबर कामावर जाई. ‘असर’ या देशव्यापी पाहणींत सप्टेंबर २०२० मध्यें असें दिसलें कीं, शाळेंत नांव असलेल्या ग्रामीण मुलांपैकीं शेंकडा ६१.८ मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०१८ सालीं हें प्रमाण शेंकडा ३६.५ होतें. वाढ मोठी खरी. तरी पाहणीच्या आधींच्या आठवड्यांत शाळेकडून कांहीं अभ्याससाहित्य मिळालेलीं मुलें सुमारें एक तृतीयांशच होतीं.

शिक्षकाच्या बाजूनें पाहिल्यास हे आंकडे अधिक बोलके होतात. चाळीस मुलांच्या वर्गाला त्यानें धडा पाठविला, पंधरांकडून उत्तर आलें, आणि त्यांतील कित्येक वह्यांवर अक्षर थोरल्या बहिणीचें होतें, अशी स्थिति असली म्हणजे आपण शिकविलें कीं नाहीं हेंच त्याला कळेनासें होतें. काम पूर्वींपेक्षां वाढलें. चलचित्रें तयार करणें, अहवाल भरणें, रात्रीं उशिरां येणारे पालकांचे फोन घेणें, हें सर्व त्यांत आलें. शिक्षिकांवर तर दुहेरी भार पडला. घरांतलीं माणसें दिवसभर घरीं, स्वतःचीं मुलें त्याच मोबाइलवर आपला वर्ग करण्यास टपलेलीं, आणि स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून दुसऱ्यांच्या मुलांना बेरीज शिकवावयाची. श्रम वाढले आणि फळ दिसेनासें झालें. ज्याला इंग्रजी शाळांतील व्यवस्थापक ‘ऑनलाइन अध्यापन’ म्हणत, तें प्राथमिक शिक्षकाला पुष्कळदां विहिरींत दगड टाकून आवाजाची वाट पाहण्यासारखें झालें.

दुसरा आघात निराळ्या दिशेनें आला. शाळा बंद असल्यामुळें शिक्षक मोकळे आहेत असें मानलें गेलें. रेशन दुकानांवर देखरेख, तपासणीच्या नाक्यांवर पहारा, विलगीकरण केंद्रांची व्यवस्था, घरोघर जाऊन सर्वेक्षण, अशीं कामें त्यांच्याकडे आलीं. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. तींत पथकें दारोदार जाऊन ताप व रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहत, आणि अनेक ठिकाणीं या पथकांत शिक्षकहि होते. याला कायद्याचा आधार नव्हता असें नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यांतील २७ वें कलम शिक्षकाला शिक्षणेतर कामें लावण्यास मनाई करतें. परंतु जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण या तीन कामांचा अपवाद त्यांतच केलेला आहे. साथ ही आपत्ति होती, यांत शंका नाहीं.

मग शिक्षकांचें मन कशानें दुखावलें? सेवेला त्यांचा नकार होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. महाराष्ट्रांतील शिक्षकांच्या परंपरेंत साथीच्या काळांतील सेवेचें एक मोठें उदाहरण पूर्वींच घडून गेलेलें आहे. १८४८ सालीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनीं १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा केली, आणि तोच रोग जडून त्याच वर्षीं १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्या सेवेंत जोखीम पत्करणारी व्यक्ति आणि ती जोखीम ठरविणारी व्यक्ति एकच होती. २०२० च्या शिक्षकाला जोखीम हुकुमानें मिळाली. तिच्याबरोबर संरक्षक साधनें, विम्याची खात्री आणि कामाचें स्पष्ट शिक्षण हीं सर्वत्र तितक्याच तत्परतेनें मिळालीं नाहींत. उत्तर प्रदेशांत एप्रिल २०२१ मधील पंचायत निवडणुकांच्या कामानंतर मृत्यु पावलेल्या शिक्षकांचा व शालेय कर्मचाऱ्यांचा आंकडा तेथील शिक्षकसंघटनेनें १,६२१ असा दिला. सरकारनें आरंभीं तो केवळ ३ असा सांगितला, आणि पुढें नुकसानभरपाईचे नियम बदलावे लागले. दोन आंकड्यांतील हें अंतर ज्या शिक्षकानें वाचलें असेल, त्याला आपल्या सेवेची दखल कशी घेतली जाते याचा अर्थ कोणीं समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं. त्यांतच ‘शिक्षक घरीं बसून पगार खातात’ असे शब्द चावडीवर ऐकूं येत. नाक्यावर उन्हांत आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला ते शब्द रोगाहून अधिक झोंबले.

पगाराच्या बाबतींत सर्व शिक्षकांची स्थिति सारखी नव्हती. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील शिक्षकांना वेतन मिळत राहिलें; मार्च २०२० चें वेतन राज्य सरकारनें हप्त्यांनीं दिलें, तेवढीच आरंभींची ओढ. परंतु विनाअनुदानित व खासगी शाळांत फी येईनाशी झाली, तशी कित्येकांचा पगार निम्म्यावर आला, कित्येकांचा बंद झाला, आणि कांहींनीं भाजीची गाडी लावून किंवा शेतावर मजुरी करून दिवस काढले. येथें हर्झबर्ग यांचा विचार उपयोगी पडतो. या दुसऱ्या वर्गांतील शिक्षकाचें छप्परच उडालें होतें. त्याच्यापुढें समाधानाच्या गोष्टी करणें ही थट्टा झाली असती. पहिल्या वर्गांतील शिक्षकाचें छप्पर शाबूत होतें, तरीहि तो उदास होता, आणि आपल्या उदासीनतेचें कारण त्याला लोकांना सांगतां येत नव्हतें. पगार चालू असतां खंत कसली, असें विचारणाऱ्याला त्याची खंत कळणें शक्य नव्हतें. कारण बंद पडलेला मोबदला दुसऱ्या नाण्यांतला होता.

असें असतांहि त्याच काळांत कांहीं ठिकाणीं शिक्षकांचें समाधान टिकलें. सोलापूर शहरांतील नीलमनगर ही कामगारवस्ती आहे. तेथील शिक्षकांनीं घरांच्या बाहेरील भिंतींवर अक्षरें, पाढे, चित्रें व शास्त्राचे धडे रंगवून घेतले, आणि मुलें गल्लींतून फिरत अभ्यास करूं लागलीं. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर एका सेवाभावी संस्थेनें ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ सुरू केली. मोबाइलची घंटी जेथें वाजत नाहीं, तेथें धड्याचा आवाज पोंचला. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम होऊं लागला, आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. याशिवाय ज्यांचीं नांवें कोठेंहि छापून आलीं नाहींत अशा कित्येक शिक्षकांनीं वाडीवस्तीवर जाऊन ओट्यावर, देवळाच्या सभामंडपांत, झाडाखालीं, चार चार मुलांना अंतरा-अंतरानें बसवून शिकविलें.

या उपायांची तुलना केली असतां एक गोष्ट स्पष्ट होते. आकाशवाणीनें शिक्षकाचा आवाज मुलापर्यंत नेला. मुलाचा आवाज शिक्षकापर्यंत आणण्याची सोय तिच्यापाशीं नव्हती. जेथें कार्यक्रमानंतर गुरुजींनीं पालकाला फोन करून मुलाला प्रश्न विचारला, अथवा दुसऱ्या दिवशीं एखाद्या स्वयंसेवकानें वस्तीवर मुलांना गोळा केलें, तेथें वर्तुळ पुरें झालें. भिंतीवरील धड्याचेंहि तसेंच. नुसती रंगविलेली भिंत मुलाला शिकवील. परंतु त्या भिंतीपाशीं उभें राहून मुलानें वाचलेलें ऐकणारा शिक्षक असला, तर भिंत त्या दोघांनाहि कांहीं देईल. ओट्यावरच्या वर्गांत साधनें सर्वांत थोडीं आणि श्रम सर्वांत अधिक होते. मैलोगणती चालणें होतें, रोगाची धास्ती होती, आणि वरून लेखी आज्ञा नसल्यामुळें कांहीं अनिष्ट घडल्यास दोष आपल्याच माथीं येईल ही भीतीहि होती. तरीसुद्धां समाधान तेथेंच सर्वांत अधिक मिळण्याजोगें होतें, कारण प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर देणारें मूल तेथें समोर बसलेलें होतें. आणि हें काम शिक्षकानें आपल्या बुद्धीनें योजिलेलें होतें.

दखल घेतली जाण्याचें महत्त्वहि त्याच काळांत दिसून आलें. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्यें १० लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून त्यांतून मुलांपर्यंत पाठ पोंचविण्याचें त्यांचें काम साथीच्या आधींपासूनचें होतें. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली. त्या दिवशीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतल्या शिक्षकखोल्यांत जो आनंद झाला, तो एका माणसाच्या भाग्याचा नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेंतला मास्तर म्हणजे सरकारचा फुकट हाताशीं असलेला नोकर, अशी जी समजूत त्या महिन्यांत रूढ होत चालली होती, तिला त्या बातमीनें उत्तर मिळालें.

शाळा उघडल्या तेव्हां शिक्षकाची खरी कसोटी लागली. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणींत तिसरींतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचतां येतो, त्यांचें प्रमाण ग्रामीण भारतांत शेंकडा २०.५ आढळलें, २०१८ सालीं तें शेंकडा २७.३ होतें. म्हणजे पांच मुलांत जेमतेम एक. तिसरीचें पुस्तक हातीं घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकासमोर अक्षरओळखीपाशीं अडलेलीं मुलें बसलीं होतीं. महाराष्ट्रांत जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतु अभ्यासक्रम योजण्यांत आला. पण त्या वेळीं प्राथमिक शाळाच बंद असल्यामुळें तो सेतु पुष्कळ मुलांना दुरूनच दाखविला गेला. वर्ग भरूं लागल्यावर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. काम दुप्पट असूनहि पुष्कळ शिक्षकांच्या चेहऱ्यावर टवटवी परत आली. मागें पडलेलें मूल हें ओझें असलें, तरी तें समोर बसलेलें ओझें होतें. आज एक अक्षर, उद्यां एक शब्द, अशी त्याची चाल दिसत होती, आणि अदृश्य झालेलें नाणें पुन्हां हातावर पडूं लागलें होतें.

यावरून पुढील काळासाठीं तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, छप्पर सर्वांचें शाबूत असलें पाहिजे. आपत्तींत शाळा बंद ठेवण्याचा हुकूम सरकार देतें, तर त्या हुकुमानें ज्यांचें वेतन तुटतें अशा खासगी शाळांतील शिक्षकांच्या निर्वाहाचा विचार त्याच हुकुमांत झाला पाहिजे. दुसरी, आपत्तीच्या कामावर शिक्षकाला लावावयाचें झाल्यास त्याचें संरक्षण आधीं आणि हुकूम मागून असा क्रम असावा. तसेंच दिवसाचे कांहीं तास तरी त्याच्या स्वतःच्या वर्गांतील मुलांसाठीं राखून ठेवावे. नाक्यावर दुसरा माणूस उभा करतां येतो, पण पहिलींतल्या चाळीस मुलांचीं नांवें, घरें आणि अडचणी ज्याला ठाऊक आहेत असा माणूस गांवांत एकच असतो. तिसरी, शाळा केव्हां व कशी भरवावी याचा कांहीं अधिकार गांवाला व शिक्षकाला असावा. ज्या पाड्यावर रोग नाहीं, तेथें चार मुलें झाडाखालीं बसविण्यास मुंबईहून येणाऱ्या कागदाची वाट पाहावी लागूं नये.

साथी पूर्वीं आल्या, पुढेंहि येतील. प्लेग आणि कोविड यांमध्यें सवाशें वर्षांचें अंतर पडलें, पुढचें अंतर किती असेल तें कोणाच्या हातीं नाहीं. पुढच्या वेळीं शाळेच्या दाराला कुलूप घालणें कदाचित् पुन्हां भाग पडेल. तें घालतांना किल्ली कोणाकडे ठेवावयाची, याबरोबरच मुलाचें वाचन उद्यां सकाळीं कोण ऐकणार, हाहि प्रश्न त्याच बैठकींत विचारला गेला पाहिजे.